उजव्या अंगठ्याबद्दल

पहिलं काम नावाचं, अन्वर मुकादम म्हणाला.
पासपोर्टवर बोंगाळे, रिपोर्टात बुंगाली.
अरबीत ळ नाही, आणि सोहारच्या चौकीत
रात्री दीड वाजता तो कुणी मागितलाही नसता.
पण नाव जुळलं नाही तर हाड तुझं नाही,
टाके तुझे नाहीत, विमावाले म्हणतील
हा माणूसच वेगळा.

अन्वर बाणकोटचा. सव्वीस वर्षं मासळीबाजारात
बर्फ फोडता फोडता त्याची अरबी तयार झाली.
तो मला सनद ऑफिसात घेऊन गेला.
आपल्याकडे सनद वकिलाच्या भिंतीवर असते.
इथे ती म्हणजे काचेचं दार, टोकन एकेचाळीस,
आणि बुशरा नावाची मुलगी, पानामागे पैसे घेणारी.
म्हणून थोडक्यात सांगितलं:

सायकल. हँडलला चार दिशदाशा, प्लास्टिकमध्ये,
सकाळी द्यायच्या.
मागून दिवे न लावलेली पांढरी गाडी,
तिच्या मागे पोलिसांची.
निळा उजेड आधी लाँड्रीच्या काचेवर,
मग माझ्या मनगटावर,
मग मी रस्त्यात उताणा
आणि एक दिशदाशा खजुरीवर, हात पसरून.

कोणी ठोकलं? बुशराने विचारलं.
रकाना एकाच गाडीचा होता.
पळणारी की पाठलागावरची, मला खरंच माहीत नाही.
माहीत नाही असंच लिही, अन्वर मराठीत म्हणाला,
अंदाज सांगितलास तर तोच जबाब होऊन बसेल.
तिने टाइप केलं.
अरबीत ते फारच लहान दिसलं.

बाकीचं तो चालता चालता सांगत गेला, आठवेल तसं:
टॅक्सीची पावती टाकू नकोस. रक्ताचा शर्ट धुऊ नकोस.
फोटो काढ, रोज, एकाच खिडकीत.
डॉक्टरचं लेखी घे, तारीख घे, शिक्का घे,
शिक्का पुसट असेल तर परत जा.
घरी जायची घाई नको, गेलासच तर मागे
कुणाच्या तरी नावाने मुखत्यारपत्र.
वाचता येत नाही त्यावर सही नाही.
त्यांचा चहा प्यायलास तरी नाही.
आणि अर्श मिळेल, म्हणाला, नुकसानीचा पैसा,
अंगठ्याचा हिशेब वेगळा असतो.
आमच्या बार्शीत अर्श म्हणजे मूळव्याध, मी म्हटलं.
दोघं फुटपाथवर थांबून हसलो.
हसताना टाके ओढतात,
हे कुठल्याच रिपोर्टात आलेलं नाही.

नवव्या दिवशी मुलाचा बाप दुकानात आला.
हलव्याचा डबा, आणि घडी घातलेला एक कागद.
तनाझुल. हा शब्द अन्वरने आधीच पाठ करून घेतला होता:
माझी तक्रार मी सोडली.
पोरगा सतराचा आहे, बाप म्हणाला, आत आहे, जेवत नाही.
मी मापाची वही काढली. पोरगा आमचंच गिऱ्हाईक.
गेल्या ईदेला खांदा साडेसोळा, लांबी छप्पन्न,
आणि समासात, अंगठा धड असतानाच्या अक्षरात:
उंच होतोय, खाली दोन इंच माया ठेवणे.

वही मिटली.
बाप कागदावर बोट ठेवून होता.
सही जमत नसेल तर डावा अंगठा चालेल, म्हणाला.
त्याची बाही काखेत उसवलेली, चांगली चार बोटं,
बायकोच्या लक्षात आली नसेल या दिवसांत.
माझ्या मोडक्या अरबीत मी सांगितलं,
डॉक्टरांचा शेवटचा कागद यायचाय,
तोवर तुमचा हा घेऊन जा.
दिशदाशा पाठवून द्या.
कुठली दिशदाशा, त्याला कळेना.
डाव्या हाताने त्याची बाही धरून दाखवली.

तो गेल्यावर सुभानने मशीन थांबवून विचारलं, आणि हलवा?
हलव्याबद्दल अन्वर काही बोलला नव्हता.
आम्ही तो खाल्ला.